फणसाचा भुसा

"कुमू, शेवटच्या पाकळ्येक तुझो हत्ती बंद कर हां!" बाबांनी दारातूनच ओरडून सांगितलं आणि पिशवी काखेत मारून ते सावंतवाडीच्या एसटीसाठी निघाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना दहाची वेळ दिली होती.

"होय, होय," मी मान वर न करता म्हटलं. दिवसातून दहा वेळा तेच तेच ऐकून माझे कान किटले होते.

हत्ती म्हणजे माझा भुसा ओढणारा पंखा. भंगारात मिळालेल्या ब्लोअरला मी जाड पाइप जोडला होता. पाइपाचं तोंड लाकडाची नक्षीदार जाळी कापायच्या मशीनच्या पात्यापाशी आणि शेपूट मांजरपाटाच्या लांब पिशवीत. बटण दाबलं की कापताना उडणारा सगळा भुसा सोंडेतून सुळकन पिशवीत. बाबांनी पहिल्या दिवशी तो प्रकार बघितला, कमरेवर हात ठेवले आणि "ह्यो हत्ती खंयसून हाडलंस?" असं विचारलं, तेव्हापासून तो हत्तीच.

तो आणला होता त्यांच्याचसाठी. माझे बाबा, विश्राम मेस्त्री, कुडाळच्या बाजारामागे चाळीस वर्षं देव्हारे करत होते. चाळीस वर्षं तो पिठासारखा भुसा छातीत गेलेला. सकाळी उठले की खोकला असा, की शेजारचे कोंबडे गप्प बसायचे. डॉक्टरांनी धूळ बंद करा म्हणून बजावलं होतं, पण बाबांना ते पटत नव्हतं. "भुसो डोळ्यांफुडे होयो. पाता कसा चलता ता भुसो सांगता," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्यात त्यांच्या नाकाची ख्याती. चिमूटभर भुसा बोटांत चोळायचा, नाकाशी धरायचा आणि झाड सांगायचं. साग, शिवण, फणस, आइन. नुसतं झाडच नाही, ते उभं असताना वाळलं की हिरवं पाडलं तेसुद्धा. बाजारातली माणसं चहाच्या पैजा लावून त्यांना भुसा हुंगायला द्यायची आणि दर वेळी पैज बाबाच जिंकायचे.

तर मी त्या दिवशी नर्सबाईंच्या देव्हाऱ्याची जाळी कापत होते. सरोजिनी पेडणेकर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांच्या अंगणातला फणस रस्ता रुंदीकरणात गेला. फळ्या पाडून त्या रिक्षात घालून त्या आमच्याकडे आल्या आणि उतरता उतरताच म्हणाल्या, "मेस्त्री, हे झाड माझ्या सासूबाईंनी लावलेलं. अठ्ठावीस वर्षं एका घरात काढली, बाई माझ्याशी एकदा गोड बोलली नाही. पण झाडावरचा पहिला फणस दर वर्षी माझ्या हातात आणून द्यायची. त्याच झाडाचा देव्हारा करायचाय. दुसऱ्या झाडाचा खुंटासुद्धा नको मला त्यात."

"एक टाचणीएवढं नाही लागणार," बाबा म्हणाले.

आमच्याकडे रीतच तशी होती. कोणी घरचं लाकूड आणलं तर उरलेले तुकडे, ढलप्या आणि भुसा, सगळं गोणीत भरून परत द्यायचं. लोक हसायचे, भुसा नेऊन काय करू म्हणायचे. बाबा म्हणायचे, ते तुमचं तुम्ही बघा, माझ्याकडे तुमचं काही राहता कामा नये. नर्सबाईंना मात्र भुसा हवाच होता. नव्या फणसाच्या रोपाखाली घालणार होत्या.

आणि हेच काम बाबांनी माझ्यावर सोडलं होतं. देव्हारा ते जोडणार, जाळी संपूर्ण माझी. मी तेव्हा चोवीस वर्षांची. आई लहानपणीच गेली, त्यामुळे मी रांगले ती ढलप्यांत. हात चांगला होता, हे बाबाही मान्य करत, पण गिऱ्हाईक आलं की मला "चाय ठेव गो" म्हणायचे. या कामाच्या वेळी मात्र म्हणाले होते, "ही जाळी नीट झाली तर पाटयेर तुझा नाव घालतंय." दुकानावरच्या पाटीवर! कुडाळात तेव्हा कुठल्या सुताराच्या पाटीवर पोरीचं नाव होतं? त्या एका वाक्यावर मी महिनाभर तरंगत होते.

जाळीत मधोमध कमळ आणि भोवती फणसाच्या पानांची वेल. प्रत्येक भोकात आधी गिरमिट मारायचं, केसासारखं पातं त्यातून ओवायचं, मशीनला ताणून लावायचं आणि फळी हळूहळू फिरवायची. चौसष्ट भोकं. त्या दिवशी शेवटची पाकळी उरली होती. तिच्या देठाशी लाकूड काडीपेटीच्या काडीइतकं राहणार होतं. बाबांनी कशासाठी बजावलं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, पण हत्तीशिवाय कापायचं म्हणजे बाबांचं खरं झालं असं मला वाटायचं. मी बटण बंद केलं नाही. जिद्द, दुसरं काय!

कापून सुटलेला बारका तुकडा सोंडेने ओढला. तो पात्यात आणि टेबलाच्या भोकात अडकला. फळी एकदम उसळली, कट्कन आवाज झाला आणि जाळी कमळातून आडवी दुभंगली. एक पाकळी तुटून माझ्या डोळ्यांसमोर पाइपातून आत गेली. हत्ती आपला घुं घुं करत राहिला.

मी बटण बंद केलं आणि स्टुलावर बसले. रडूसुद्धा येईना. तेवढ्या रुंदीची फणसाची दुसरी फळी शिल्लक नव्हती, आणि ते झाड आता रस्त्याखाली होतं.

बाबा संध्याकाळच्या एसटीने येणार. सात-आठ तास हातात. तेवढ्यात मी जे केलं ते आठवून आजही माझे कान तापतात. कोपऱ्यात आंब्याची एक कोरडी फळी होती. पिशवीतला दोन ओंजळी फणसाचा भुसा मी पातेल्यात घातला, तुरटीचा खडा टाकला आणि चुलीवर उकळला. फणसाच्या भुशाचा रंग उतरतो, हळदीपेक्षा खोल पिवळा. आंब्याच्या फळीवर तीच जाळी कापली. हात आता शहाणा झाला होता, एक पाकळी हलली नाही. मग तो पिवळा रंग तीनदा चढवला, उन्हात वाळवला आणि मेणाचा हात दिला. अगदी फणस! मोडलेली जाळी वर्तमानपत्रात गुंडाळून फळ्यांच्या मागे कोंबली, पातेलं घासून ठेवलं. सगळं केलं, फक्त एक गोष्ट मनातसुद्धा आली नाही. आंब्याचा पांढरा भुसा हत्तीने गिळला होता. जमिनीवर कणभर पडला असता तर झाडताना आठवला असता. डोळ्यांसमोर नाही म्हणजे नाहीच, असं झालं.

बाबा आले, पाय धुतले आणि पहिल्यांदा जाळीपाशी गेले. मी चुलीपाशी उभी. एकच भीती: नाक! रंगाला डोळे फसतील, विश्राम मेस्त्रींचं नाक फसणार नाही. त्यांनी जाळी उचलली, एका भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं, मग ते बोट नाकाशी नेलं. बराच वेळ.

"फणस," ते म्हणाले. "बरा झाला काम." आणि जाळी खाली ठेवून चहा मागितला.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, अर्धा मिनिट. मग लक्षात आलं. आंब्याचं लाकूड, वर मेण, तुरटी, आणि माझा बाबा फणस म्हणतो?

मी त्या दिवसापासून त्यांच्यावर पाळत ठेवली. बापावर! दुसऱ्या दिवशी मुद्दाम डाळ करपवली. घरभर वास, शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं काय जळतंय म्हणून, आणि बाबा निमूट जेवून उठले. देवापाशी उदबत्ती न लावताच मी विचारलं, "वास बरो आसा मा नव्या उदबत्तीचो?" तर म्हणाले, "झकास." मग गेल्या दोन वर्षांतलं एकेक आठवायला लागलं. ताटावर बसले की "आज काय केलंस?" असं विचारायचे, पूर्वी फाटकातूनच सांगायचे. पैजा घेणंही बंद केलं होतं, "पोरखेळ झालो" म्हणून. त्यांचं नाक गेलं होतं. भुशाने खाल्लं होतं. माझा हत्ती आला तेव्हा उशीर झाला होता.

आता सांगायचं कसं? खरं बोलले तर नर्सबाई पहिलं काय विचारणार? मेस्त्री, तुम्हाला वासावरून कळलं नाही? आणि ते बाजारात चार जणांना कळलं की झालं. बाबांकडे दुसरं काय होतं हो? ना शेत, ना इस्टेट, एक नाकाचं नाव. माझी चोरी उघडी करायची तर त्यांची अब्रू आधी उघडी पडणार होती. न बोलावं तर त्या बाईच्या देव्हाऱ्यात रोज खोट्यासमोर दिवा लागणार. चार दिवस मला घास गेला नाही. बाबांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, उन्हाचं होतंय.

पाचव्या दिवशी सकाळी नर्सबाई रिक्षा घेऊन आल्या. देव्हारा अंगणात स्टुलावर ठेवला होता. मधल्या दारात माझी पिवळी जाळी. बाईंनी चपला बाजूला काढल्या, समोर उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरले.

"कमळ काढलंत," त्या म्हणाल्या. "म्हातारीला कमळं फार आवडायची. मेस्त्री, काय हात आहे हो तुमचा!"

"जाळी हिची," बाबा म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गिऱ्हाइकासमोर माझं नाव पुढे केलं, आणि ते या जाळीसाठी! धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं मला.

मग बाबा आत गेले आणि गोणी ओढत घेऊन आले. भुशाची. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: पिशवीत आंब्याचा भुसा! पण लगेच हिशेब केला. पिशवीत पांढरा भुसा सगळ्यात वर होता. पिशवी गोणीत उलटी केली की वरचा थर जाणार तळाला. वर दिसणार पिवळाच. घरी जाऊन रोपाखाली ओततील, तोवर कोण बघतंय.

नर्सबाईंनी गोणीचं तोंड उघडलं आणि हात घातला. मूठ वर आली ती पांढरीफटक.

"हे कसलं?" त्यांनी मूठ उन्हात धरली. दुसरी मूठ खालून काढली. ती पिवळी. "मेस्त्री, हे दोन रंग कसे?"

बाबा बाईंकडे बघतही नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "तुमच्या फणसाची जाळी मोडली. ही आंब्याची आहे. भुसा उकळून रंग दिलाय." आणि मग एका दमात पुढचं, "बाबांनी वास घेतल्या घेतल्या ओळखलं होतं. मला म्हणाले, मी नाही सांगणार, तू केलंस तर तूच सांग. मलाच धीर झाला नाही."

बाबांचा चेहरा मी बघितला नाही. बघायची छाती नव्हती.

नर्सबाईंनी मूठ झटकली. "कुमुद, मी तीस वर्षं दवाखान्यात काढली," त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या हळूच बोलत होत्या. "आमच्यात चुकीचं औषध दिलं गेलं तर त्याच मिनिटाला सांगतात. तासाने सांगून उपयोग नसतो. तू चार दिवस घेतलेस. मी हा घरी नेऊन रोज नमस्कार केला असता."

मी मान खाली घालून उभी. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या पुसायचंही सुचलं नाही.

"मोडलेली कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी वर्तमानपत्राची गुंडाळी आणली. त्यांनी दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन जुळवून बघितले. "एक पाकळी नाही."

"ती हत्तीने गिळली," मी म्हटलं आणि मग हत्ती म्हणजे काय ते सांगावं लागलं. बाबा आत गेले आणि तांदळाची चाळण घेऊन आले.

अंगणात घोंगडी पसरली आणि आम्ही तिघं भुसा चाळायला बसलो. बाई मुठीमुठीने घालत होत्या, मी चाळत होते, बाबा चाळणीतला चुरा बोटाने निवडत होते. रिक्षावाला आधी हॉर्न वाजवत राहिला, मग कंटाळून तोही येऊन उकिडवा बसला. तास तरी गेला असेल. बाबा मधे मधे खोकत होते, तेव्हा बाईंनी आपला रुमाल काढून त्यांच्या नाकातोंडाला बांधला आणि त्यांनी तो मुकाट्याने बांधून घेतला. पाकळी शेवटी बाईंनाच सापडली, नखाएवढी.

"सापडली म्हातारी!" त्या म्हणाल्या आणि हसल्या.

सरसात फणसाचाच भुसा कालवून मी ती जाळी जोडली. रेघ राहिलीच, कमळातून आडवी. मी म्हटलं, अजून घासते, थोडी बुजेल. बाई म्हणाल्या, "राहू दे. आमच्या दोघींत अठ्ठावीस वर्षं होती ती, कधी बुजली नाही. आता कशाला?" दुसऱ्या दिवशी त्या देव्हारा घेऊन गेल्या. पिवळा भुसा निवडून नेला, पांढरा आम्हाला ठेवला.

रिक्षा गेली तसे बाबा मशीनच्या स्टुलावर बसले.

"खोटा कित्याक बोललंस?" त्यांनी विचारलं.

"कसला?"

"वासान ओळखलंय म्हणान. माका वास येणा नाय, कुमू. दोन वर्सा झाली."

"माका ठावक आसा," मी म्हटलं. "करपलेली डाळ खाल्लात तुमी."

ते कसनुसं हसले. मग म्हणाले, "पण आंबो ओळखलेलंय. बोट आसा मा अजून. आंब्याची कड केसाळ लागता. फणसाची साबणासारखी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "मगे फणस कित्याक म्हटलात?"

"तू काय करतंस ता माका बघूचा होता."

"आणि गोणी?" मला आता कुठे उमगायला लागलं होतं. "पांढरो भुसो तळाक जावक होयो होतो."

"दोनदा उलटलंय," बाबा म्हणाले. "आधी टोपलेत, मगे गोणीत."

मला त्यांचा इतका राग आला म्हणून सांगू! चार दिवस मी उपाशी मरत होते आणि हा माणूस टोपल्या उलटत होता. "आणि मी तोंड उघडलाच नसता तर?"

"तर माका सांगूचा लागला असता. आणि तुझ्या हातात परत पाता दिला नसता."

हे ते इतक्या सहज बोलले की माझा राग तिथेच विरघळला. आंब्याची जाळी त्यांनी मशीनच्या वर खिळ्याला टांगली. ती अजून तिथे आहे, पिवळा रंग उडून आता नुसती मातकट झालीय. पाटीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. तेवढी अक्कल आली होती.

त्यानंतर महिन्याभराने बाजाराचा दिवस होता. खानावळवाले नाईक एक जुनी फळी घेऊन आले, सोबत त्यांचे दोन मित्र. जुन्या घराचं दार मोडून काढलेलं, कसलं लाकूड ते कळेना. फळी दारातच आपटून नाईक म्हणाले, "मेस्त्री, सांगा बघू. चहाची पैज!"

माझा हात मशीनवरच थांबला. बाबांनी फळीच्या टोकावर करवत फिरवली, चिमूटभर भुसा बोटांत घेतला आणि चोळला. दोघं मित्र पुढे वाकले. बाबा काहीही सांगू शकले असते. बोटांनी अंदाज बांधला असता आणि बहुधा बरोबरच आला असता. मी मनात देवाचं नाव घेत होते.

"माझ्या नाकात आता काय रवला नाय, नाईकांनू," बाबा म्हणाले. "भुशान खाल्ला. आता ह्या दुकानात नाक हिचा."

बाबा सरळ चालत माझ्यापाशी आले, वाकून हत्तीचं बटण बंद केलं आणि ती चिमूट माझ्या नाकाशी धरली.

"काय आसा गो?"

मी डोळे मिटले. जुना, गोडसर, कोरडा वास.

"शिवण."

बाबांनी बोटं झटकली आणि नाईकांकडे वळले.

"मगे शिवणच," ते म्हणाले. "चाय सांगा. दोन."